गोल केलेले पाच ‘चालेल’

सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी थेंबमास्तर पाण्याचा पेला नाकासमोर धरून उभे होते. एरवी पेला टेबलावर असायचा आणि मास्तर त्याच्यावर वाकलेले असायचे. पण डोळ्याच्या डॉक्टरांनी तीन आठवडे वाकायचं नाही असं बजावलं होतं, आणि आज नववाच दिवस होता. त्यामुळे मास्तर खाली वाकण्याऐवजी पेला वर आला होता.

पेल्यात तीन बोटं पाणी होतं. मास्तरांच्या उजव्या हातात काचेचा ड्रॉपर होता आणि त्यात पाववाल्याने आणलेल्या बिनलेबलच्या डब्यातलं काहीतरी. पाववाला पहाटेची फेरी आटोपून दारात मोटारसायकलवर बसूनच राहिला होता.

“मास्तर, ब्रेक ऑइलच असणार ते. माझ्या मेव्हण्याने दिलंय.”

“असणार म्हणजे? पावात मीठ असणार, असं सांगून विकतोस का तू?”

मास्तरांनी एक थेंब सोडला. ब्रेक ऑइल असतं तर थेंब पाण्यात शिरताच धुरासारखा पसरला असता आणि दोनदा पेला हलवताच नाहीसा झाला असता. ब्रेक ऑइलला ऑइल म्हणतात ते नावापुरतं; तेलाचा गुण त्यात नाही, ते पाण्यात विरघळतं. हा थेंब विरघळला नाही. पाण्यावर गोल, चकचकीत, चिमणीच्या डोळ्यासारखा बसून राहिला.

“तेल आहे,” मास्तर म्हणाले. “दाराच्या बिजागरीला घाल. आणि मेव्हण्याशी तुझं काही वाकडं आहे का, तेही बघ.”

पाववाला हसत गेला. या थेंबामुळेच त्यांचं नाव थेंबमास्तर पडलं होतं. त्यांचं कागदावरचं नाव फक्त विजेच्या बिलावर छापून यायचं आणि ते बिल त्यांची बायको उघडायची.

थेंबावर त्यांचा इतका विश्वास बसला त्याला एक मोडलेलं हाड कारणीभूत होतं. मास्तर तेव्हा बावीस वर्षांचे होते, दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला. एका मुलीच्या मोटारसायकलच्या ब्रेकमध्ये त्यांनी कपाटातल्या एका डब्यातलं ओतलं. डब्यावर ‘ब्रेक’ असं लिहिलेलं होतं, पण तो डबा कुणीतरी रिकामा झाल्यावर साध्या तेलाने भरून ठेवला होता. तेलाने आतली रबरं फुगली, ब्रेक आवळून बसला आणि तिसऱ्या दिवशी पुढचं चाक वळणावर जागच्या जागी थांबलं. मुलगी उडून पडली, गळ्याजवळचं हाड मोडलं. हात गळ्यात बांधून ती गॅरेजात भांडायला आली, आणि या पोराला रडू आवरत नाही हे बघून भांडण अर्धवट टाकून गेली. उरलेलं भांडण ती, त्यांची बायको होऊन, गेली पस्तीस वर्षं सावकाश पुरं करत होती. गॅरेजला लागूनच तिचं दोरे-बटणांचं दुकान होतं. चार लोकांत ती मास्तरांना ‘अहो’ म्हणायची आणि दोघंच असली की ‘अरे’.

मास्तरांनी पेला खाली ठेवला. काळा चष्मा कपाळावर सरकवून ते खिडकीकडे बघत राहिले. गेले आठ दिवस त्यांचा हाच उद्योग होता. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता, डाव्यातला अजून होता. डावा डोळा झाकला की गॅरेजचं शटर निळं दिसायचं, उजवा झाकला की मळक्या हिरव्या रंगाचं. बायकोचा स्वेटर तपकिरी आहे असं ते दोन हिवाळे धरून चालले होते. तो जांभळा निघाला. घरातल्या भिंती पांढऱ्या होत्या. रस्त्यापलीकडच्या घड्याळजीच्या दुकानातला प्रकाश दुधासारखा होता. आणि हे सगळं एका पापणीच्या हालचालीवर अवलंबून होतं. एक पापणी मिटली की गाव जुन्या फोटोसारखं पिवळं व्हायचं, दुसरी मिटली की आत्ताच धुऊन वाळत घातल्यासारखं. मास्तर तासन्‌तास या दोन गावांमध्ये ये-जा करत बसायचे. झोपेत नसतानाही स्वप्न बघता येतं, आणि तेही उभ्या उभ्या, हे त्यांना एकसष्टाव्या वर्षी कळलं होतं.

खिडकीत नऊ छोट्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. इंजेक्शनच्या औषधाच्या असतात तशा, बुचाच्या. मास्तरांची ही मोजपट्टी होती. पहिल्या बाटलीत ‘नवं’ ब्रेक ऑइल, शेवटच्या बाटलीत काळं झालेलं, आणि मधे उतरत्या क्रमाने बाकीची. गाडीच्या हँडलवर ब्रेक ऑइलची डबी असते, तिला काचेची लहानशी खिडकी असते. आतलं स्वच्छ दिसलं तर प्रश्न नाही, काळं दिसलं तर बदलायचं. पण अधलंमधलं असलं, की मास्तर पहिली बाटली त्या काचेशेजारी धरायचे. रंग जुळला तर वहीत लिहायचे ‘चालेल’. बाटली धरून ठरवलेल्या ‘चालेल’भोवती ते पेन्सिलने गोल काढायचे. गोल म्हणजे, हे मी नीट बघितलंय.

उजव्या डोळ्याने त्यांनी पहिल्या बाटलीकडे बघितलं. मग डाव्याने. मग पुन्हा उजव्याने.

बाटलीत चहा होता. म्हणजे चहा नव्हता, पण रंग तोच, कोऱ्या चहाचा.

त्यांनी फळीवरचं सीलबंद ब्रेक ऑइल फोडलं, एका रिकाम्या बाटलीत थोडं ओतलं आणि पहिलीच्या शेजारी ठेवलं. नवं होतं ते जवळजवळ पाण्यासारखं, किंचित पिवळसर. डावा डोळा म्हणाला, फारसा फरक नाही. उजवा म्हणाला, मास्तर, काय केलंत हे?

पूर्वी ते पहिली बाटली दर वर्षी बदलायचे. मग तीन वर्षांपूर्वी कधीतरी नव्या ऑइलशेजारी ती धरून बघितली, तर दोन्ही सारखीच दिसली. बदलायची कशाला? पुढच्या वर्षीही सारखीच दिसली. उन्हात, बुचाच्या फटीतून हवा पीत, बाटली गडद होत गेली. आणि तिच्याकडे बघणारा डोळाही तितक्याच सावकाश पिवळा होत गेला. दोघं जोडीने म्हातारे झाले, आणि जोडीने म्हातारं होणाऱ्यांना एकमेकांचं वय दिसत नाही.

मास्तरांनी वही काढली. गेल्या दोन वर्षांतले गोल केलेले, आणि नंतर ऑइल न बदललेले ‘चालेल’ शोधायला त्यांना दहा मिनिटं लागली. पाच निघाले. घड्याळजी, पाववाला, संगीताच्या बाई, शाळेचा शिपाई. चौघंही गावात, सपाट रस्त्यावर, सायकलच्या वेगाने फिरणारे. पाचवी नोंद अकरा दिवसांपूर्वीची होती, डोळ्याच्या ऑपरेशनच्या दोन दिवस आधीची. सिस्टर.

सिस्टर मंगळवारी आणि शुक्रवारी डोंगरावरच्या वस्तीत दवाखाना उघडायची. सातला चढायची, एकला उतरायची. चढताना ब्रेकचं काही काम नाही. उतार मात्र चौदा किलोमीटरांचा, सलग. जुनं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पीत राहतं. लांब उतारावर ब्रेक तापतात, ते पाणी उकळतं, त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते. मग ब्रेकचा लिव्हर मुठीपर्यंत आरामात येतो आणि चाक आपलं चालतच राहतं.

आज शुक्रवार होता.

“अगं,” मास्तरांनी मधल्या दारातून हाक मारली, “जरा इकडे ये. रंग बघायचाय.”

बायको आली. रंगात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. दोऱ्याच्या कंपनीचं तीनशे छटांचं कार्ड तिला तोंडपाठ होतं. गिऱ्हाईक कापड पिशवीतून काढायच्या आधीच ती रीळ काढून ठेवायची. तिने दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या.

“ही एकशे चार. आणि ही दोनशे सतरा.”

“मधे किती छटा असतात?”

“पुष्कळ. का?”

मास्तरांनी सांगितलं. ती ऐकत होती, बाटल्या हातातच होत्या.

“तरीच,” ती म्हणाली. “दोन वर्षं तू काळ्या पँटवर विटकरी मोजे घालून फिरतोस. मला वाटलं, वयाप्रमाणे आवड बदलली.”

“मग सांगायचंस की.”

“सांगितलं असतं तर मोजे बदलले असतेस. डोळा दाखवला असतास का?”

मास्तरांनी सिस्टरला फोन लावला. वर फोन लागत नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी दोनदा लावला. मग चौघांना लावला आणि चौघांनाही एकच सांगितलं: आज गाडी हळू, उद्या माझ्याकडे. पाववाला म्हणाला, “आत्ता तर तुमच्यासमोर उभी होती!” मास्तर म्हणाले, “म्हणूनच सांगतोय.”

मग ते किल्ली शोधायला लागले.

“कुठे निघालास?”

“वर.”

“गाडी चालवायची नाही म्हणून डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय.”

“एकच्या आत पोचायला हवं.”

“हवंच ना. माझं हाड मोडलंस तेव्हा मी गप्प बसले—”

“तू गप्प बसलीस?”

“—बाकीच्यांच्या मानाने. आता त्या पोरीचं काही झालं तर मी नाही गप्प बसणार. हो मागे.” तिने दुकानाचं शटर ओढलं. स्कूटर तिची होती. “आणि तो पेनासारखा दिवा घे. खणात पडलाय तो.”

तो दिवा म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये पाणी किती मुरलंय हे दाखवणारं यंत्र. टोक ऑइलमध्ये बुडवलं की हिरवा, पिवळा नाहीतर लाल दिवा लागतो. सुट्या भागांच्या दुकानदाराने दोन वर्षांपूर्वी भेट दिलं होतं. मास्तरांनी पिशवीतून काढलंही नव्हतं. “माझा डोळा आहे ना,” ते तेव्हा म्हणाले होते. हे वाक्य त्यांना आत्ता आठवलं आणि पुढचे चार किलोमीटर आठवत राहिलं. यंत्रात बॅटरी नव्हती. बायकोने भिंतीवरच्या घड्याळातली काढून घातली, त्यामुळे तिच्या दुकानात दिवसभर नऊ वाजून सतरा मिनिटं झालेली राहिली.

मास्तर कित्येक वर्षांत मागे बसले नव्हते. मांडीवर पिशवी: सीलबंद ऑइल, पाना, चिंध्या, ड्रॉपर, दोन बाटल्या आणि डोळ्यात घालायचं औषध. गावाच्या शेवटच्या वळणानंतर रस्ता चढायला लागला आणि सहाव्या किलोमीटरला ढगात शिरला. पुढचं चाक दिसत होतं, त्यापुढे काही नाही. झाडं एकेक करून बाहेर यायची, जणू कुणी नाव पुकारतंय, आणि हजेरी देऊन आत जायची. मास्तरांनी चष्मा सारखा केला, मग सवयीने एक डोळा मिटला. ढग पिवळा झाला, जुन्या बल्बखालच्या खोलीसारखा. दुसरा मिटला. ढग निळा झाला. एका बाजूला संध्याकाळ होती, दुसऱ्या बाजूला पहाट, आणि मधून बायकोची पाठ जांभळ्या स्वेटरमध्ये चढत होती. एका क्षणी त्यांना वाटलं, आपण चढत नाहीच आहोत, रस्ताच खाली सोडला जातोय, रिळावरून दोरा सुटावा तसा. किती वेळ असं चाललं त्यांना कळलं नाही.

“झोपलास की काय?”

“नाही.”

“मग बोल काहीतरी.”

“समोरून गाडी आली तर नीट बघ. लाल टाकी, मागे पांढरी पेटी.”

“मला दिसलं तर तुला सांगते. तुला दिसलं तर कुठला डोळा तेवढं सांग.”

दोन गाड्या आल्या. एक निळी, एक दूधवाल्याची. ढगाच्या वर ऊन होतं. दवाखाना शाळेच्या एका खोलीत भरायचा. दहा वाजून वीस मिनिटांनी स्कूटर अंगणात शिरली तेव्हा लाल टाकीची गाडी दारातच होती आणि सिस्टर हेल्मेट घालत होती.

“काका? काकू? कुणाला काय झालं?”

“कुणाला काही झालं नाही,” मास्तर म्हणाले. “तू एवढ्यात कशी निघालीस?”

“लस संपली. खाली जाऊन दुपारच्या आत परत यायचंय, तीन बाळं राहिलीत.” तिने बक्कल लावलं. “घाईत आहे, काका.”

“गाडी नेऊ नकोस. ब्रेक ऑइल बदलायचंय.”

“अहो, अकरा दिवसांपूर्वी तुम्हीच तर बघितलंत. चालेल म्हणालात.”

एवढ्या वर्षांत मास्तरांनी पुष्कळ गाड्यांना नाही म्हटलं होतं. स्वतःच्या ‘चालेल’ला नाही म्हणायची वेळ पहिलीच होती. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “मला दिसत नव्हतं. दिसत नाही हेच दिसत नव्हतं.”

सिस्टरने बायकोकडे बघितलं. बायकोने मान हलवली.

“येताना ब्रेक चांगला लागत होता,” सिस्टर म्हणाली, पण हेल्मेट काढत.

“चढाला सगळ्यांचा लागतो.”

मास्तरांनी डबीचं झाकण पुसलं, उघडलं. ड्रॉपरने एक थेंब घेतला. सिस्टरने आपणहून पेटीतून पांढऱ्या गॉजची घडी काढून पुढे धरली. त्यावर एक थेंब जुना पडला, शेजारी एक बाटलीतला नवा. नव्याचा नुसता ओलावा दिसला. जुन्याचा डाग पसरला.

“हे तर आयोडीन,” सिस्टर म्हणाली.

“दोनशे अठरा,” बायको म्हणाली. “बाटलीपेक्षाही एक नंबर पुढे.”

मास्तरांनी उजवा डोळा मिटला. दोन्ही डाग एकमेकांच्या जवळ सरकले, भांडण मिटवल्यासारखे. याच डोळ्याने ते अकरा दिवसांपूर्वी या डबीवर वाकले होते. तेव्हाचा उजवाही याच्यासारखाच होता.

“पण रंगाने काय होतं, काका? माझ्याकडे काळी औषधं असतात आणि गुणकारी असतात.”

“बरोबर. रंगाने सगळं कळत नाही. हेही मला दोन वर्षांपूर्वी कळायला हवं होतं.” त्यांनी यंत्राचं टोपण काढून टोक डबीत बुडवलं. तिघंही बघत राहिली. हिरवा लागला, विझला. पिवळा लागला, विझला. लाल लागला आणि लागलेलाच राहिला.

गाडीची किल्ली सिस्टरने मास्तरांच्या हातात ठेवली. मग त्यांच्या डोळ्याकडे निरखून बघितलं.

“ऑपरेशन कधी झालं?”

“नऊ दिवस.”

“आणि तुम्ही चाकापाशी वाकणार? मुळीच नाही. खुर्चीत बसा. काकू, तुम्हाला येतं?”

“मला काय येत नाही ते विचार,” बायको म्हणाली आणि स्वेटरच्या बाह्या वर केल्या.

मग काम सुरू झालं. मास्तर शाळेच्या लहान मुलांच्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसले आणि सांगत राहिले. जुनं ऑइल बाहेर काढायला खाली ब्रेकच्या निपलला, म्हणजे स्क्रूच्या लहानशा तोटीला, नळी लावावी लागते. मास्तर नळी विसरले होते. सिस्टरने सलाइनची नळी कापून दिली. बायकोने ती निपलवर चढवली, दुसरं टोक बाटलीत सोडलं. सिस्टर लिव्हर दाबायची, बायको निपल उघडायची, मास्तर म्हणायचे “बंद”, बायको बंद करायची, मास्तर म्हणायचे “सोड”. वरून डबीत नवं, खालून नळीत जुनं. डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा शिरते. दाब, उघड, बंद, सोड. अंगणात ऊन होतं, खाली दरीभर ढग कापूस पिंजल्यासारखा पसरला होता, आणि पारदर्शक नळीतून चहा उतरत होता. मास्तर उजव्या डोळ्याने बघत होते. चहा फिका झाला. मग मधासारखा झाला. मग नळीत एक जागा अशी आली की तिच्या अलीकडे मध होता आणि पलीकडे काही नव्हतंच, फक्त उजेड. तो सांधा हळूहळू खाली सरकत गेला आणि बाटलीत पडला.

“एकशे चार,” बायको म्हणाली.

मास्तरांनी यंत्र पुन्हा डबीत बुडवलं. हिरवा लागला आणि पुढे सरकला नाही. लिव्हर दाबून बघितला. दोन बोटांत घट्ट. त्यांनी गाडी अंगणात पुढे ढकलायला लावली, ब्रेक मारायला लावला, असं पाच वेळा. सिस्टर सहाव्यांदा नाही म्हणाली.

“आता एक माझं काम,” ती म्हणाली. “अकराचा थेंब राहिलाय ना तुमचा? मान मागे करा.”

थेंबमास्तरांनी आयुष्यात कुणाकडून थेंब घेतला नव्हता. खुर्चीत मान मागे टाकून ते आकाशाकडे बघत बसले. ड्रॉपरच्या टोकाला थेंब फुगला, त्यात उलटं आकाश, उलटी शाळा, उलटी जांभळी बायको. मग तो सुटला आणि सगळं विरघळलं, धुरासारखं, जसं विरघळायला हवं तसं.

उतरताना सिस्टर पुढे होती आणि स्कूटर मागे. चौदा किलोमीटर मास्तर तिच्या मागच्या लाल दिव्याकडे बघत होते. प्रत्येक वळणाला तो लागायचा आणि प्रत्येक वळणाला गाडी हळू व्हायची. गावाच्या पाटीशी सिस्टरने मागे न बघता हात वर केला आणि लस आणायला डावीकडे वळली. मास्तरांनी तेव्हा स्कूटरची मागची कड सोडली. बोटांवर तिचा ठसा उमटला होता.

दुपारी त्यांनी खिडकीतली पहिली बाटली रिकामी केली आणि नव्या बाटलीवर तारीख चिकटवली. तिच्या गळ्याला बायकोने एकशे चार नंबरचा दोरा बांधला, म्हणजे बाटलीतला रंग बदलला तर दोरा सांगेल. दोराही उन्हात विटतो, हे तिनेच सांगितलं. म्हणून रिळाचा बाकीचा भाग तिच्या बंद खणात राहणार आहे. वहीत सिस्टरच्या ‘चालेल’वर मास्तरांनी काट मारली आणि खाली लिहिलं: ‘बदललं. बघितलं बायकोने.’

“नुसतं ‘बघितलं’ पुरलं असतं,” ती म्हणाली.

“पुरलं नसतं.”

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या चार तारखेला आहे. तोवर रंग ती बघणार, दिवा मास्तर बघणार. उद्या सकाळी नऊला पहिली गाडी पाववाल्याची आहे. दोऱ्यांचं दुकान नऊऐवजी साडेनऊला उघडेल.